प्रेरणा पुरस्काराचा हिवाळा

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत थंडी आली हे हवेवरून कळत नाही. हवा तीच असते. दुपारी घाम आणि पहाटे कारखान्यांकडून येणारा कडसर वास. थंडी आली हे फ्लेक्सवरून कळतं. डिसेंबर लागला की बी विंगच्या मागे फ्लेक्स चढतो, वीस-बावीस अंश तापमानात लोक स्वेटर घालून खाली उतरतात आणि एकमेकांना ‘काय गारठा आहे ना’ म्हणतात. यंदाच्या फ्लेक्सवर व्हीलचेअरमधली एक गोरी बाई डोक्यावर चेंडू धरून हसते आहे. सोनेरी केस, पांढरेशुभ्र दात. ती आमच्याकडे राहत नाही, बहुधा या देशातच राहत नाही. तिच्या मागे इंद्रधनुष्य आहे, पायाशी कमिटीच्या अकरा सभासदांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आहेत, आणि मजकूर असा: ‘सर्वसमावेशक थ्रोबॉल महोत्सव. खेळ सर्वांचा!’

हा महोत्सव ज्या कोर्टवर होतो त्या कोर्टवर जायला सात पायऱ्या चढाव्या लागतात. उतार नाही. फ्लेक्स बांधणाऱ्याने तो नेमका त्या पायऱ्यांच्या कठड्याला बांधला आहे. म्हणजे ती सोनेरी केसांची बाई खरोखर आलीच, तर तिथपर्यंतच येईल आणि स्वतःचा फोटो बघून परत जाईल. मी रोज कामावर जाताना तिला बघते आणि मला हसू येतं. चांगलं हसू नाही येत.

मला असं हसण्याचा थोडा हक्क आहे. तीन वर्षांपूर्वी त्या फ्लेक्सवर मी होते.

माझा डावा हात कोपराच्या जरा खाली संपतो. जन्मापासूनच. त्यात करुण कथा काही नाही. मी बेलापूरला सरकारी कार्यालयात काम करते, पोळ्या करते, छत्री धरते, फाइली बांधते. लोकांना माझ्या हातापेक्षा माझ्या न रडण्याचा जास्त त्रास होतो. फोटोग्राफरने त्या वर्षी मला तीनदा वळायला लावलं होतं. ‘मॅडम, जरा या बाजूने. हो, ती बाजू पुढे.’ ती बाजू म्हणजे जिथे हात नाही ती. माझ्या शेजारी सायली उभी होती. तिला त्याने गळ्यात सप्तरंगी ओढणी घ्यायला लावली. ओढणी कमिटीची होती, फोटो झाल्यावर परत मागितली.

पण आधी खेळाबद्दल सांगायला हवं, कारण खेळ मला खरंच आवडला होता.

थ्रोबॉल हा आमच्याकडच्या बायकांचा खेळ. मधे जाळी, दोन्हीकडे सात-सात जणी. चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा, एका हाताने खांद्यावरून परत टाकायचा, तीन सेकंदांच्या आत. अंगाला लागू द्यायचा नाही. इतकंच. मी पंधरा वर्षं गॅलरीतून तो बघत होते. मला खाली आणलं नफीसाने. नफीसा आमची कॅप्टन. माहेर श्रीवर्धनकडचं, नवऱ्याचं वाशीच्या मार्केटमध्ये सुक्या मेव्याचं दुकान, तिथे ही रोज सकाळी दहाला गल्ल्यावर बसते आणि त्याआधी दीड तास कोर्टवर सगळ्यांना झापते. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, “मंजिरीताई, वरून काय बघता नुसतं? एक भिडू कमी हाय. उतरा खाली.”

“अगं, नियम दोन हातांचा आहे.”

“मग? आमी काय कोर्टात केस लावायला बसलोय? बघू ना काय होतं ते.”

असं कुणी मला आयुष्यात बोलावलं नव्हतं. त्यात दया नव्हती आणि कौतुकही नव्हतं. भिडू कमी होता, बस.

त्या डिसेंबरात रोज सकाळी साडेसहाला आम्ही खाली असायचो. जाळी दवाने ओली असायची आणि चेंडू लागला की तिच्यावरचं पाणी तोंडावर उडायचं. चेंडूचं रबर जुनं होऊन दगडासारखं झालेलं. नफीसा दुकानातून आदल्या दिवशीचे फुटके बदाम पिशवीतून आणायची, तिच्या हातांना, चेंडूला, सगळ्याला बदामाचा आणि जर्दाळूचा वास. बाहेर रस्त्यावरून कोथिंबिरीचे टेम्पो जायचे. मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि मला रोज संध्याकाळी उद्याच्या सकाळची ओढ लागायची. शाळेत असताना पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवून सगळ्यांचे डबे सांभाळायला देत. अठ्ठावीस वर्षांनी मला कळलं की झाडाखाली बसून माझं काय गेलं होतं.

सायली महिनाभराने आली. अठ्ठावीसची, उंच, सानपाड्याच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. सी विंगला आईबरोबर भाड्याने राहायची. तिला जन्मताना मुलगा म्हणून नाव दिलेलं होतं, आणि ते नाव, तो देह, तो सगळा पसारा मागे टाकायला तिला दहा वर्षं लागली होती. हे तिने आम्हाला पहिल्याच दिवशी, बुटाची नाडी बांधताना, दोन वाक्यांत सांगून टाकलं. “नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं,” ती म्हणाली. नफीसाने तिला खालून वर बघितलं आणि विचारलं, “सर्व्हिस कशी हाय तुझी?”

सर्व्हिस भन्नाट होती.

मला झेल शिकवला तो सायलीने. तोवर सगळ्या जणी मला चेंडू हळू द्यायच्या. लहान बाळाला द्यावा तसा, वरून, तरंगता. तो मला कधीच धरता यायचा नाही. उजवा तळवा आणि डावं कोपर यांच्यामध्ये तो यायचा, फिरायचा आणि खाली पडायचा. मग सगळ्या म्हणायच्या, “अरे वा, छान प्रयत्न!” सायलीने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या छातीच्या रोखाने असा चेंडू मारला की मी घाबरून दोन्ही बाजूंनी तो दाबला. चेंडू बसला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“ताई, हळू टाकलेला बॉल तुमच्या हातात मरतो,” ती म्हणाली. “जोरात आला की त्याचा तोच बसतो. आता परत टाका, तीन सेकंद झाले.”

तिची आई कोर्टच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. सिन्नरकडची बाई, डोक्यावर पदर, हातात मेथी निवडायला घेतलेली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. चेंडू आपल्या बाजूला पडला की “गेला!” आणि पलीकडे पडला की “बरं झालं!” एवढंच. मला म्हणायची, “हिला लहानपणी गावात कोनी खेळायला घेत नव्हतं. पोरं मारायची, पोरी पळायच्या. आता बगा कशी उड्या मारती.” मेथीची पानं ताटात पडत राहायची.

इथवर सगळं बरं चाललं होतं, कारण इथवर आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं दातार मॅडमचं.

दातार मॅडम सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष. त्यांना कुठल्याशा शिबिरात ‘समावेशकता’ हा शब्द मिळाला होता आणि नवीन दागिना मिळालेल्या बाईसारखा तो त्या सगळीकडे घालून फिरत होत्या. एका संघात हात नसलेली एक आणि ‘तशी’ एक, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी पाहिले ते डोळे. लॉटरी लागल्यावर भरतात तसे. आठ सोसायट्यांच्या स्पर्धेला त्यांनी ताबडतोब ‘समावेशक चषक’ नाव दिलं, फ्लेक्स छापले, आणि माझ्यासाठी नियमांत सूट जाहीर केली: माझ्या हातून चेंडू पडला तर गुण धरायचा नाही, पुन्हा खेळायचं.

मी त्यांच्या घरी गेले. “मॅडम, मला पुन्हा खेळायला नको. एक हात आणि कोपर यांत धरलेला झेल वैध धरा, एवढंच लिहून द्या. पडला तर पडला.”

“अहो पण मग तुमच्या चुकीने गुण जाईल!”

“हो. खेळात जातो.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “किती जिद्द आहे हो तुमच्यात,” म्हणाल्या, आणि चहा आणायला आत गेल्या. मी काय मागितलं होतं ते त्या चहाच्या कपापर्यंत विसरल्या होत्या.

स्पर्धा सुरू झाली. मी चेंडूला हात लावला की टाळ्या. चुकले की जास्त टाळ्या. पाणी प्यायले तरी दोघीतिघी टाळ्या वाजवायच्या. समोरच्या संघातल्या बायका माझ्याकडे गोड हसून तोच तरंगता चेंडू टाकायच्या, आणि तो माझ्या हातातून ओघळायचा, आणि रेफरी म्हणायचा, पुन्हा. चार चार वेळा पुन्हा. माझ्या नावावर एकही चूक लागली नाही त्या स्पर्धेत. इतका अपमान मला शाळेतल्या झाडाखालीही वाटला नव्हता.

उपांत्य सामना रविवारी सकाळी होता, नेरूळच्या एका सोसायटीशी. त्यांनी आमचा आधीचा सामना पाहिला होता. सायलीची सर्व्हिस पाहिली होती. नाणेफेकीच्या आधी त्यांची कॅप्टन दातार मॅडमना बाजूला घेऊन गेली. आम्ही जाळीपाशी उभ्या होतो, सगळं ऐकू येत होतं.

“आमचं काही म्हणणं नाही हं त्यांच्याबद्दल. पण आमच्या बायकांना जरा अनकम्फर्टेबल वाटतं. ताकदीचा प्रश्न आहे. आणि शेवटी ते तसं आहे ना.”

‘तसं’. या शहरात लोक मेट्रोपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर तासभर बोलतात, पण एका माणसाबद्दल बोलायची वेळ आली की त्यांच्याकडे एवढा एकच शब्द उरतो. त्यांच्या संघात एक बाई सायलीपेक्षा उंच होती आणि माजी व्हॉलीबॉलपटू होती. तिच्या ताकदीचा प्रश्न कुणाला पडला नाही.

दातार मॅडम आमच्याकडे आल्या. चेहऱ्यावर तेच भरून आलेलं. “सायली बेटा, आजच्या दिवस फक्त. वाद नको. तुझा सत्कार आपण फायनलला स्टेजवर करूच.”

“नियमात काही लिहिलंय का, मॅडम?” सायलीने विचारलं. आवाज अगदी शांत. “लिहिलेलं दाखवा. मी जाते.”

“नियमाचं काय गं, भावनांचा प्रश्न आहे.”

“हिच्याही भावना हायेत की,” नफीसा म्हणाली. “हिला काढता तर आमी खेळत नाय.”

“मग नेरूळला पुढे चाल देऊ,” दातार मॅडम म्हणाल्या. गोडवा एकदम गेला होता. “बाकीच्या सहा जणींनी दोन महिने मेहनत केली ती वाया घालवा. मंजिरीताईंचं पहिलं वर्ष आहे. त्यांचा तरी विचार करा.”

सगळ्या जणींनी माझ्याकडे पाहिलं. आता हे लिहिताना मला वाटतं की मी बराच वेळ विचार केला असेल. खोटं आहे. मी अजिबात विचार केला नाही. मी म्हणाले, “एकच सामना आहे ना.”

सायलीने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बाहेर गेली. तिच्या आईने मांडीवरचं ताट उचललं, खुर्ची दुसऱ्या खुर्चीत अडकवून ठेवली आणि तिच्यामागे चालायला लागली. माझ्याजवळून जाताना थांबली. “तुमी तरी,” म्हणाली. आणि पुढे गेली.

आम्ही सहा जणी, नफीसाही, खेळलो आणि तो सामना जिंकलो. अंतिम सामनाही जिंकलो. मी बारा वेळा चेंडू पाडला आणि बारा वेळा तो पुन्हा खेळला गेला. स्टेजवर एका नगरसेवकाच्या हस्ते मला ‘प्रेरणा पुरस्कार’ मिळाला, काचेची ज्योत आणि खाली माझं नाव, त्यातला ‘रि’ दीर्घ. सायलीचं नाव पुकारलं नाही. नफीसा चषक घ्यायला वर आली नाही, खाली उभी राहून चप्पल घालत होती. मी मात्र गेले. टाळ्या चालू होत्या आणि मी हसतही होते. दातार मॅडमबद्दल मी एवढं वाईट लिहिते आहे, पण त्या निदान जे करत होत्या ते त्यांना चांगलं वाटत होतं. मला माहीत होतं.

सायलीच्या घरमालकाने एप्रिलमध्ये करार वाढवला नाही. कारण दिलं नाही. मायलेकी वाशीला राहायला गेल्या. मला हे वॉचमनकडून कळलं.

मे महिन्यात डॉक्टरांनी मला रक्त तपासायला सांगितलं. घराजवळ दोन लॅब आहेत. मी सानपाड्याला गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. सायलीने माझा कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, हातमोजे चढवले. माझ्याकडे रक्त द्यायला एकच हात आहे, तो तिच्यापुढे ठेवला.

“सायली, मला तुला सांगायचं होतं...”

“मूठ आवळा.”

मी आवळली. ती शीर शोधत होती, दोन बोटांनी, अगदी हलकेच.

“मी तेव्हा चुकले.”

“हात सैल सोडा. टोचेल जरासं.” सुई गेली. नळीत रक्त चढायला लागलं तेव्हा ती बोलली, माझ्याकडे न बघता. “तुम्ही खेळलात त्याचं नाही वाटलं, ताई. खेळायचं वेड काय असतं ते मला कळतं. तुम्ही बक्षीस घ्यायला वर गेलात. आई गर्दीत मागे उभी होती. तिने मला घरी येऊन विचारलं, तुझं नाव घ्यायला मंजिरी थांबली असेल का गं, मला मागून नीट ऐकू आलं नाही.” तिने कापूस दाबला. “मी तिला सांगितलं, घेतलं असेल.”

मी पाठ केलेलं सगळं तसंच परत घेऊन आले.

त्यानंतर मी जे केलं त्याला धाडस म्हणू नये, उशीर म्हणावं. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि काचेची ज्योत टेबलावर ठेवली. म्हणाले की मला दोन गोष्टी लेखी हव्यात: एका हाताचा झेल वैध, आणि जी बाई स्वतःला बाई म्हणून नोंदवते ती खेळणार, सामन्याच्या सकाळी कुणालाही काढता येणार नाही. सभेत कुणीतरी लगेच पार्किंगचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, भावना पोचल्या.” दातार मॅडम ज्योतीकडे बघत म्हणाल्या, “इतकं प्रेमाने दिलेलं कुणी परत करतं का?” पार्किंगवर दीड तास चर्चा झाली. गाड्यांच्या हक्कांबाबत आमची सोसायटी फार संवेदनशील आहे.

बाहेर नफीसा उभी होती. तिने मला झापलं नाही, ते जास्त लागलं. “यंदा आमची टीम नाय उतरणार,” एवढंच म्हणाली. “वाशीला ग्राउंड हाय महापालिकेचं. रविवारी या. नियम मी लिहिलेत.”

नियम तिने दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे लिहिले होते. पाचच होते. हातानं, कोपरानं, कशानंही झेला, अंगाला लावू नका. शिट्टीबरोबर रुमालही वर करायचा, कारण दिघ्याहून येणाऱ्या शोभाला ऐकू येत नाही. जी आली ती खेळली. हळू टाकायचं नाही. आणि पाचवा: टाळ्या बंद. एवढ्यासाठी दातार मॅडमना शिबिराला जावं लागलं होतं.

सायली पहिले पाच रविवार आली नाही. सहाव्या रविवारी आली, आईबरोबर. मला नमस्कार केला नाही, पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आमच्यात पुढे कधी मनमोकळं बोलणं झालं असं नाही. झालं ते एवढंच की आम्ही दर रविवारी समोरासमोर खेळतो.

गेल्या आठवड्यात दातार मॅडम ग्राउंडवर आल्या होत्या. हातात यंदाचं पत्रक, त्यावर तीच सोनेरी केसांची बाई. “तुमच्या ग्रुपने एक प्रदर्शनी सामना खेळावा उद्घाटनाला. फोटो किती छान येतील!” नफीसाने विचारलं, “आणि स्पर्धेत?” “स्पर्धेत बाकीच्या संघांची संमती लागते ना गं.” सायली बाटलीतून पाणी पीत होती. ती म्हणाली, “काकू, आज आमच्यात एक कमी आहे. येता का खेळायला?”

दातार मॅडम हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ती खरंच विचारते आहे. त्यांनी स्वतःच्या साडीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, शोभाकडे, माझ्याकडे पाहिलं. “मला कुठे जमणार तुमच्यासारखं,” असं म्हणून त्या गेटकडे निघाल्या. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. मी पंधरा वर्षं गॅलरीत उभी होते, तो चेहरा मला ओळखीचा वाटला. पण मला गॅलरीतून नफीसाने एकदाच बोलावलं आणि मी उतरले. त्या चालत राहिल्या.

आम्ही सहा आणि सात असं खेळलो. शेवटच्या गुणाला मी टाकलेला चेंडू रेषेजवळ पडला.

“आऊट!” सायली.

“रेषेवर होता.”

“बाहेर होता, चार बोटं.”

“डोळे तपासून घे.”

“तुम्ही घ्या. चाळिशी लागलीय तुम्हाला.” मी जाळीखालून तिच्या बाजूला गेले, तिने खाली वाकून मातीवर बोट ठेवलं. “हे काय. हा खड्डा. दिसतोय?”

“तो खड्डा आधीचा आहे!”

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून मातीतल्या एका खड्ड्यावरून भांडत होतो, नफीसा दोघींवर ओरडत होती, आणि कडेला बसलेल्या सायलीच्या आईने ताट बाजूला ठेवून, खेळातलं काहीही कळत नसताना, ठामपणे निकाल दिला.

“मंजिरी, तू खोटं बोलती.”

गुण त्यांना गेला. आम्ही हरलो.